जरा सरकून बसा

मामांच्या दुकानात केस कापायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. गळ्याभोवती पांढरं कापड बांधून झालं, डोक्यावर पाण्याचा फवारा मारून झाला की मामा खुर्चीमागून मऊ आवाजात म्हणायचे, “जरा सरकून बसा.” मग गिऱ्हाईक बँकेतला साहेब असो नाहीतर शाळेतला बंड्या, मुकाट्यानं पाय लांब करायचं आणि पाठ घसरवत खाली जायचं. कुणी कधी का म्हणून विचारलं नाही. न्यायाधीशासमोर उभं राहावं आणि हजामाच्या खुर्चीत सरकावं, हे त्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

याचे परिणाम दूरवर पोचले होते. नोकरीला परगावी गेलेली गल्लीतली पोरं तिथल्या एअरकंडिशन सलूनमध्येही खुर्चीत बसल्या बसल्या खाली घसरायची आणि तिथला कारागीर घाबरून विचारायचा, “सर, चक्कर येतेय का?” सुट्टीत घरी आली की हे सगळं मामांना रंगवून सांगायची. मामा हसत, पण मनातून त्यांना मोठा अभिमान वाटे. “आरामात बसवून कापायची पद्धत राहिली कुठे आता?” ते म्हणत. “आमच्या बाबांची शिकवण आहे ती.”

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. कुणा पोरानं कधीतरी रडू आवरताना हाक मारली आणि ती चिकटली. पुढे त्या पोराचे वडीलही त्यांना मामाच म्हणू लागले. “सगळ्यांनी मिळून मला मामा बनवलं,” हा त्यांचा विनोद दर आठवड्याला एकदा तरी व्हायचाच आणि बाकावरची माणसं दर वेळी नव्यानं हसायची.

दुकान म्हणजे अरुंद लांबट खोली. समोरासमोर दोन मोठे आरसे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्या टाळूपासून मानेपर्यंतची रांगच्या रांग दिसायची. दोन जड लोखंडी खुर्च्या, एक बाबांची, एक मामांची. त्या जमिनीला पक्क्या जखडलेल्या, वरखाली होण्याचा प्रश्नच नव्हता. तुरटीचा खडा, वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा, पावडरचा डबा, साबणाचा तो ओलसर गोड वास. लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची एक फळी होती. तिच्यावर बसलं की आपण राजे झालो असं वाटायचं आणि कानाशी कात्री वाजली की राज्य खालसा व्हायचं. आणि दाराशी ते बाकडं.

बाकड्याचं सांगितलंच पाहिजे, कारण मामा जगात घाबरत असतील तर त्या बाकड्यालाच. आयुष्याची शेवटची काही वर्षं बाबा त्याच्यावर बसून होते. उजवा खांदा कानाकडे चढलेला, हात मांडीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्या काळी अशा दुखण्याला नाव नव्हतं. “खांदा धरलाय,” एवढंच म्हणायचे. कुणी तेल सांगितलं, कुणी शेक सांगितला, कुणी नुसतंच “वय झालं” सांगितलं. बाबा हसून मान डोलवायचे आणि डाव्या हातानं बाटल्या पुसायचे. ज्या माणसाच्या कात्रीचा आवाज ऐकून लोकांना डुलकी लागायची, तो माणूस येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं “बसा, बसा” म्हणायला उरला. मामांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आपण मरू ते खुर्चीमागे उभं राहून. बाकावर नाही.

आणि मग ठरवलेलं कुठे राहतं? मामांचाही उजवा खांदा दुखू लागला.

आधी त्यांनी मनावर घेतलं नाही. मग मनावर घेतलं, पण बायकोला कळू दिलं नाही. मामी काही दूधखुळ्या नव्हत्या. नवरा शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत सरकवतो आणि मग बाकीचा शर्ट अंगाभोवती ओढून घेतो, वरच्या फळीवरचा डबा आपल्याला काढायला लावतो, त्या कुशीवर निजत नाही, हे त्या बघत होत्या. एके सकाळी मामा कंगवा धरून आरशासमोर उभे होते आणि कंगवा काही डोक्यापर्यंत पोचेना. गावाचे भांग पाडणाऱ्या माणसाला स्वतःचा भांग पाडता येईना. मामींनी त्यांच्या हातातून कंगवा घेतला, भांग पाडला आणि म्हणाल्या, “चला आता दवाखान्यात. पुरे झाली अळीमिळी गुपचिळी.”

मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासून, फोटो काढून सांगितलं, खांद्याच्या आत स्नायूला हाडाशी बांधणारी एक दोरी असते, टेंडन. वर्षानुवर्षं घासून घासून ती विरली आहे, थोडी फाटलीही आहे. आत्ताच ऑपरेशन करण्यापेक्षा आधी व्यायाम करून बघू. काम बंद. सगळं दहा मिनिटांत आटोपलं, कारण बाहेर रांग होती.

मामा व्यायामाच्या हॉलमध्ये जाऊ लागले. भिंतीवर बोटांनी चालत हात वर न्यायचा, रबरी पट्टा ओढायचा, काठी दोन्ही हातांनी धरून उचलायची. शिकवणारी फिजिओ मुलीच्या वयाची, हसतमुख. हॉलला भिंतभर आरसा होता. आठ-पंधरा दिवस मामा गेले आणि मग एक दिवस पट्टा खाली ठेवून जे घरी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. मामींनी विचारलं, रागावल्या, दोन दिवस अबोला धरून पाहिला. मामांच्या तोंडाला कुलूप.

दुकान मात्र ते रोज उघडत. काम करता येत नव्हतं, पण शटर वर केल्याशिवाय दिवस सुरू होत नसे, तेही आता शेजारचा शिंपी वर करून द्यायचा. मग मामा आरसे पुसायचे आणि कुणी आलंच तर सांगायचे, “पुढच्या चौकात जा, तिथला पोरगा बरा कापतो.” आणि बसायचे. कुठे बसणार? खुर्ची गिऱ्हाइकाची. उरलं बाकडं.

तिथेच बसलेले असताना एका दुपारी फिजिओ दारात येऊन उभी राहिली. मामांना वाटलं, आता ही आपली बिनपाण्यानं करणार. ते घाईघाईनं उठले. “या मॅडम, बसा. चुकलंच माझं. घरी करतो मी थोडं थोडं.”

“खोटं बोलू नका मामा,” ती म्हणाली आणि सरळ बाकावर बसली. “मी रागवायला नाही आले, बोलवायला आलेय. खांद्याच्या पेशंटांची सोय नव्यानं लावायची म्हणतोय आम्ही. काय सांगायचं, कधी सांगायचं, व्यायाम कसे द्यायचे, ऑपरेशनचं कसं ठरवायचं. त्यासाठी डॉक्टर आणि पेशंट एकत्र बसणार आहेत.”

“मग बऱ्या झालेल्यांना बोलवा की.”

“ते येतातच. मला मधेच पळून गेलेले हवेत. पळालेल्यांनाच दार कुठे आहे ते माहीत असतं.”

मामा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

बैठकीला मामी बरोबर गेल्या, कारण हा माणूस वाटेतून परत फिरेल अशी त्यांना खात्री होती. खोली साधीच, खुर्च्या गोलात मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. तिथला नियम असा की पांढरा कोट बाहेर ठेवून यायचं. डॉक्टर कोपरांना सैल पडलेल्या जुन्या स्वेटरमध्ये आले होते. आपल्याला फोटो दाखवून दहा मिनिटांत मोकळा झालेला देवमाणूस असा स्वेटरमध्ये चहा ओतताना पाहून मामांना उगीचच त्याची काळजी वाटली. एक रंगारी होता, आयुष्यभर छताला रंग देऊन हात गमावून बसलेला. एक आजी होत्या, न्हाणीघरात घसरून खांद्यावर पडलेल्या.

पहिला तासभर नुसता गोंधळ. आजींचं म्हणणं, व्यायामाचे कागद देता ते बारीक अक्षरांचे, चष्मा शोधेपर्यंत व्यायामाची वेळ टळून जाते. रंगारी म्हणाला, “काम बंद करा म्हणायला तुमचं काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या.” डॉक्टर चिडले नाहीत, पण त्यांनीही आपली बाजू सोडली नाही. दोरी फाटलेली असताना रोज तीच ओढत राहिलात तर मी शिवून तरी काय उपयोग, असं त्यांनी रोखठोक विचारलं. मग डॉक्टर म्हणाले, “आणि एक सांगू? पुष्कळ वेळा ऑपरेशन बरं की व्यायाम बरा, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. पेशंटला हे सांगितलं तर त्याचा विश्वास उडेल, अशी मला भीती वाटते.”

“उडत नाही हो,” आजी म्हणाल्या. “उलट बसतो.”

मामा या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. दुकानात ज्यांच्या जिभेला हाड नसे ते मामा चहाच्या कपात बघत बसले होते. शेवटी फिजिओनं गोलाच्या मधोमध एक खुर्ची ओढली. “आता प्रत्येकानं आपलं काम इथे करून दाखवायचं. मामा, तुमच्यापासून. डॉक्टर, तुम्ही गिऱ्हाईक व्हा.”

डॉक्टर खुर्चीत बसले. मामींनी पिशवीतून टॉवेल काढून दिला. मामा खुर्चीमागे उभे राहिले आणि त्या क्षणी त्यांचं अंग आपोआप सैल झालं. पाय जागेवर आले, डावा हात गिऱ्हाइकाच्या कानाशी गेला, बोटं कात्रीसारखी हलू लागली आणि तोंडून वाक्य निघालं, “जरा सरकून बसा.”

डॉक्टर खाली सरकले. बघणारे हसले. फिजिओ मात्र बघत होती. “मामा, सरकायला का सांगता?”

“पद्धत आहे आमची. गिऱ्हाइकाला आराम पडतो.”

“मला नाही पडला,” डॉक्टर खालून म्हणाले. “मान दुखतेय माझी.”

“आणि मानेमागचे केस कापताना बघा, कोपर केवढं बाहेर काढावं लागतंय,” फिजिओ म्हणाली. “कुणी शिकवलं असं?”

“आमच्या बाबांनी. ते सगळ्यांनाच सरकायला सांगायचे.”

डॉक्टर खुर्चीत तसेच घसरलेले होते. तिथूनच मान वर करून त्यांनी अगदी सहज विचारलं, “वडिलांचा कुठला खांदा दुखत होता?”

मामांची बोटं थांबली.

मामांच्या डोळ्यांपुढून दुकान सरकू लागलं. बाबांनी एका सुट्टीत भिंतीवरच्या सगळ्या खुंट्या उपटून खाली ठोकल्या होत्या, का तर म्हणे मुलांचा हात पोचावा. पावडरचा डबा वरच्या फळीवरून खाली आला होता. आणि तो दिवस. मामा तेव्हा मिसरूड फुटलेले, कानाजवळच्या कल्ल्यांपलीकडे त्यांना कुणी कात्री लावू देत नव्हतं. बाबांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात काढून घेतला, कात्री त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाले, “टाळूचे केस आजपासून तू घे.” त्या दिवसाइतका आनंद मामांना पुढे लग्नातही झाला नाही, हे मामींनाही माहीत होतं. आयुष्यात आपली पहिली बढती ती, असं ते सांगत आले होते. आता त्यांना दिसलं की त्या दिवशी बाबांचा हात टाळूपर्यंत जातच नव्हता.

“उजवा,” मामा म्हणाले. “उजवाच.” आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मग ते बोलले. बायकोला जे सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसांना सांगितलं. “तुमच्या हॉलमध्ये आरसा आहे ना, मॅडम. सगळा जन्म मी आरशासमोर काढला, पण आरशात गिऱ्हाईक बघायचं असतं, स्वतःला कोण बघतो? त्या दिवशी पट्टा ओढताना समोर बघितलं, तर खांदा कानाला लागलेला. बाबा उभे होते तिथे. मला वाटलं, झालं. आता बाकडं. मग कशाला करायचा व्यायाम?” त्यांनी डाव्या हातानं खांदा चाचपला. “एवढी वर्षं त्यांचं दुखणं मी कला म्हणून मिरवलं हो. माझ्याच शेजारी उभे होते ते.”

रंगाऱ्यानं आपला कप त्यांच्यासमोर सरकवला. फिजिओचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती. डॉक्टर सरळ होऊन बसले. “मामा, वडिलांचा खांदा कुणी बघितलाच नाही,” ते म्हणाले. “तुमचा बघितलाय. तुमची दोरी सगळी तुटलेली नाही. बाकडं लिहूनच ठेवलंय असं मानू नका.” आणि मग थोडं ओशाळून म्हणाले, “हे मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.”

त्या बैठकांमधून पुढे बरंच ठरलं. पहिल्या भेटीत फोटो दाखवण्याआधी विचारायचं की घरात असं आणखी कुणाचं झालं होतं का, आणि त्यांचं पुढे काय झालेलं तुम्ही पाहिलंत. आरशाला पडदा लावायचा, ज्याला हवा त्यानं तो सारावा. व्यायाम माणसाच्या कामातून काढायचे. रंगाऱ्याला ब्रश, आजींना दांडीवरचे कपडे. मामांच्या वाट्याला काय, यावर मात्र घोडं अडलं. डॉक्टरांचं स्पष्ट मत होतं की हात पूर्वीसारखा डोक्यावर जाईलच असं नाही. गिऱ्हाईक आणखी खाली नेता येत नाही, खुर्च्या तर जमिनीत रुतलेल्या.

“मग गिऱ्हाईक कशाला खाली न्यायचं?” मामी म्हणाल्या. “यांनाच वर चढवा की. मुलांना बसवायची फळी माळ्यावर धूळ खात पडलीय.”

दुखणं येतं हत्तीच्या पायानं आणि जातं मुंगीच्या पायानं. मामांचं मुंगीच्याही पायानं गेलं नाही, गोगलगाईच्या गेलं. पण ते हॉलमध्ये जात राहिले. आधी पडदा ओढलेला असायचा. मग एक दिवस त्यांनीच तो सारला. खांदा कानाकडे चढलेला दिसला की ते आरशातल्या माणसाला हळूच म्हणत, “बाबा, खांदा खाली,” आणि खांदा खाली घेत. फिजिओनं ऐकलं आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली.

दरम्यान शेजारच्या सुतारानं फळीला खालून ठोकळे मारून बुटकी चौथरी करून दिली. फळीच्या कडेला मुलांनी नखांनी पाडलेले ओरखडे तसेच होते. मामींनी रंग देऊ दिला नाही.

दुकान पुन्हा सुरू झालं त्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक पोस्टातले काका. बाबांच्या वेळेपासूनचे. आता केस असे उरलेच नव्हते, पण हक्क होता. मधल्या काळात पुढच्या चौकातल्या पोराकडे ते गेले नव्हते. मानेवर बटा वाढवून वाट बघत बसले होते. मामांनी कापड बांधलं, फवारा मारला आणि चौथरीवर चढले. काकांनी सवयीनं पाय लांब केले आणि निघाले खाली घसरायला.

“काका, सरळ बसा,” मामा म्हणाले.

काका अर्ध्यावर थांबले. आरशात त्यांनी मामांकडे पाहिलं, मग खाली चौथरीकडे पाहिलं. हळूहळू वर सरकून ताठ बसले. या खुर्चीत ताठ बसायची सवयच नसल्यामुळे ते परक्याच्या घरी आल्यासारखे दिसत होते.

“कळलं तर तुला,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं. तू सोडून. त्याचा हात वर जायचा नाही, म्हणून आम्ही खाली जायचो. नंतर तू सांगायला लागलास, मग तुझ्यासाठी जायचो.”

मामांच्या हातात कात्री होती. ती लावायचा धीर होईना. “काका, बाबांनी मला टाळू दिली त्या दिवशी खुर्चीत कोण होतं, आठवतं?”

“मीच की. तुझ्या पहिल्या टाळूची शिक्षा मी भोगलीय. पंधरा दिवस टोपी घालून पोस्टात बसलो.”

“हात जात नव्हता म्हणून दिली त्यांनी. मी आपलं उगीच…”

“हात जात नव्हता हे खरं,” काका म्हणाले. “पण त्या वेळी तुझा थोरला चुलतभाऊही दुकानात होता. चांगला तयार कारागीर. त्याला नाही दिली. मी घरी जाताना विचारलं, माझ्या डोक्याचं वाटोळं करायला हाच सापडला का? तर तुझा बाप म्हणाला, पोराचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आज तुझं डोकं बिघडेल, पण पुढे लोक त्याच्याकडे येतील. आणि हे त्याला सांगू नकोस, शेफारेल.”

बाकडं रिकामं होतं. आरशांच्या रांगेत काकांची टाळू आणि त्यामागे चौथरीवर उभा असलेला एक माणूस दूरवर दिसत होता, आणि त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. मामांनी बाहीनं डोळे पुसले, कोपर अंगाशी धरलं आणि हात वर नेला. थोडं दुखलं. पण पोचला.

“हलू नका काका,” ते म्हणाले. “टाळू घेतोय.”